पारसनीस आडनाव: मूळ, अर्थ आणि नाशिकमध्ये शोध कसा घ्यायचा

गंगापूररोड:
आडनाव पारसनीस. नाशिकमध्ये हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "पारशी का?" कागदोपत्री कधी पारसनिस, कधी पारसनिश, एका जुन्या दाखल्यावर तर चक्क फारसनीस. वंशावळ लिहायला घेतली आहे, पणजोबांच्या पलीकडे गाडी सरकत नाही. तीन गोष्टी जाणकारांकडून हव्यात. एक, शब्दाचा खरा अर्थ काय. दोन, सगळे पारसनीस एकाच घराण्यातले का. तीन, नाव इतकं विरळ का, आणि नाशिकमध्ये किती घरं आहेत हे मोजायची काही रीत आहे का. ऐकीव गोष्टी नकोत, तपासता येईल असं सांगा.

बखरवाला:
पारशी समाजाशी रक्ताचं नातं नाही, शब्दाचं मात्र आहे. इराणात पार्स नावाचा प्रांत. त्यावरून माणसांचं नाव पडलं आणि भाषेचंही. अरबीत 'प' नाही, म्हणून पार्सचं फार्स झालं. मराठीने दोन्ही उच्चार ठेवून घेतले, माणूस पारशी आणि भाषा फारसी. तुमच्या आडनावात भाषेचा अर्थ आहे पण उच्चार जुना, 'प'चा. फारसनीस हे त्याचंच दुसरं रूप, दाखल्यावरच्या कारकुनाची चूक असेलच असं नाही.

पुढचा तुकडा नवीस. फारसीत नविश्तन म्हणजे लिहिणे, नवीस म्हणजे लिहिणारा. फारसनवीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार पाहणारा. मधला 'व' बोलताना गळला आणि नवीसचं नीस झालं. फर्दनवीसचं (फर्द म्हणजे हिशेबाची यादी) फडणवीस, त्याचं फडणीस, तोच प्रकार. चिटणवीस हे 'व' शाबूत असलेलं रूप नागपूरकडे टिकलं, पुण्या-साताऱ्याकडे चिटणीस रुळलं.

शुद्धलेखनाचा एक मुद्दा. फडणीस आणि चिटणीस यांत 'ण' आहे, कारण आधी ड किंवा ट येतो आणि पुढचा न त्याच्या ओढीने ण होतो. पोतनीस, सबनीस, जमेनीस, वाकनीस, पारसनीस यांत तसं काही नाही, म्हणून साधा 'न'. पारसणीस कुणी लिहिलं तर ते फडणीसच्या सवयीने. नी दीर्घ, कारण मूळ नवीस.

कामाचं स्वरूप असं. मुघल दरबार, निजाम आणि उत्तरेकडचे सरदार यांच्याशी औपचारिक पत्रं फारसीत जात-येत. खलिता आला की तो वाचून मराठीत मतलब सांगायचा. उत्तराचा मजकूर मराठीत ठरला की तो फारसीत उतरवायचा. यात अवघड भाग भाषेचा कमी आणि अल्काबाचा जास्त, म्हणजे कुणाला कोणती बिरुदं किती लावायची याचा. एक बिरुद कमी पडलं तर तो अपमान, जास्त झालं तर आपण होऊन कमीपणा घेतल्यासारखं. त्यामुळे हे काम नुसत्या भाषांतरकाराचं नव्हतं, दरबारी रिवाज अंगवळणी पडलेला माणूस लागे. अशी विद्या बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून हुद्दा घरात टिकला आणि आडनाव झाला.

वडाळानाका:
आमच्याकडे वेगळं सांगतात. पारस म्हणजे परीस, सोनं-नाणं पारखणारा तो पारसनीस. हे चूक का?

बखरवाला:
चूक. नाणं पारखणाऱ्याला मराठीत स्वतःचं नाव होतंच, पोतदार. आणि नवीस हा शब्द कशाला लागतो ते पाहा. जे लिहिलं जातं त्याला (फर्द, चिठ्ठी, जमा), किंवा ज्या खात्याचा हिशेब लिहिला जातो त्याला (पागा, कारखाना, पोते म्हणजे खजिना). परीस लिहिता येत नाही. 'पारस'ला अर्थ लावायच्या भरात लोक 'नीस' विसरतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती किंवा माधव ज्यूलियन यांचा १९२५चा फारसी-मराठी कोश, दोन्ही इंटरनेटवर चाळता येतात.

मोडीअक्षर:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं धरून चाला आणि मग पुराव्याने जोडत जा. उलट केलंत, म्हणजे आधी सगळे एक मानलेत, तर वंशावळीत दोन भलतीच घराणी एकत्र शिवली जातील. फारसी लिहिणारा माणूस साताऱ्याला लागे, पुण्याला लागे, नागपूरकर भोसल्यांना लागे, शिंदे-होळकरांनाही लागे. प्रत्येक दरबाराने तो स्वतंत्रपणे नेमला. आडनाव एक, गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं असं होणार. जातही नुसत्या हुद्द्यावरून ठरवू नये. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत.

खरी मेख पुढेच आहे. हुद्द्याच्या आधी त्या घराचं काहीतरी दुसरं आडनाव होतं. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. पेशवे भट. तुमच्या घराचंही असं जुनं उपनाव असणार, आणि ते सापडेपर्यंत १७५०च्या मागे जायची आशा धरू नका, कारण मागच्या कागदांत 'पारसनीस' म्हणून तुम्ही नसालच. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका, मुंजीच्या याद्या, देवाच्या टाकांचा डबा, श्राद्धाच्या संकल्पाची वही यांत कधीकधी उपनाव टिकलेलं असतं.

कागदात 'अमुकपंत पारसनीस' दिसलं की ते आडनाव समजायचं की हुद्दा? माझी कसोटी अशी. त्याच सुमारास त्याचा भाऊ किंवा पुतण्या, जो त्या कामावर नाही, तोही पारसनीस म्हणून लिहिला आहे का? असेल तर आडनाव झालं. त्याच्या जागी आलेला परक्या घरचा माणूस पारसनीस म्हणवला जातो का? तर तो अजून हुद्दाच आहे. एका कागदावरून हा निकाल लागत नाही, निदान तीन-चार लागतात.

आणि हुद्दा मिळाला म्हणजे आडनाव बदललंच असंही नाही. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. महादेवभट हिंगणे पेशव्यांचे इथले तीर्थोपाध्याय, १७१९च्या दिल्लीस्वारीनंतर तिथे पेशव्यांचे वकील झाले, पुढे मुलांनीही तेच काम केलं. तरी घराणं हिंगणेच राहिलं, वकील झालं नाही.

मोडीत वाचताना ऱ्हस्व-दीर्घावर भिस्त ठेवू नका. मोडीत इकाराचा तो भेद पाळत नाहीत, त्यामुळे नीस की निस हा वाद त्या कागदांपुरता निरर्थक आहे. शब्दही तोडून लिहिलेले नसतात. शिरोरेषा आधी ओळभर ओढून अक्षरं तिला लटकवलेली असतात. नवशिका हमखास 'पारसनीसयांसी' अशा जोडओळीत अडखळतो. मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे, एवढं आधी डोळ्याला बसवा.

गंगापूररोड:
हे फार उपयोगी झालं. नाशिकमध्येच राहून सुरुवात कुठून करावी? पुण्याच्या दफ्तराची पायरी नंतर चढेन.

तिळभांडेश्वर:
रामकुंडावरून. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या वेगळ्या, तिथेही पाहावं लागतं. तुमच्या घरचं कुणीही अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आलं असेल तर त्याचं नाव, बापाचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं, गावाचं नाव आणि बहुधा त्याची सही तिथे असते. कुटुंबाच्या वंशावळीला याहून जवळचा कागद नाही.

पण नुसतं आडनाव घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. यजमान गावावरून आणि ज्ञातीवरून वाटलेले असतात. म्हणून आधी चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या: मूळ गाव (सध्याचं नाही, आजोबा 'आपलं गाव' म्हणत ते), आडनावाची सगळी रूपं, गोत्र, आणि आजोबा-पणजोबांची पूर्ण नावं. मूळ गाव चुकलं की उपाध्याय चुकतो, उपाध्याय चुकला की वही चुकते. दोन गावं संशयित असतील तर दोन्ही विचारा.

वहीत कुठे शोधायचं? वर्षवार पानं उलटायला वेळ नसेल तर सिंहस्थाची वर्षं आधी धरा, कारण एरवी न येणारी माणसंही तेव्हा येतात. २०१५-१६, २००३-०४, १९९१-९२. मागे १९४४-४५, १९३२-३३, १९२०-२१. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ; गुरूची फेरी पुरती बारा वर्षांची नसून ११.८६ वर्षांची आहे, म्हणून फार मागे जाताना नुसते बारा-बारा वजा करू नका, साधारण ८४ वर्षांत एक वर्ष घसरतं.

तारखा शकात असतात. शकात ७८ मिळवा; पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. शकाचा आकडा पुसट असेल तर संवत्सराच्या नावावरून ताळा घ्या: शकात १२ मिळवून ६०ने भागा, बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. शके १८४२ घ्या. १८५४ला ६०ने भागून बाकी ५४, म्हणजे रौद्र. वहीत १८४२च्या शेजारी रौद्र लिहिलं असेल तर आकडा बरोबर वाचलात. दुसरं काही असेल तर ४ आणि ५ची किंवा १ आणि ९ची गल्लत झाली आहे.

मोबाईलने फोटो काढण्याआधी विचारा. ती त्यांची वतनी वही आहे, सरकारी रजिस्टर नव्हे. काही जण उतरवून घेऊ देतात पण फोटो नाही.

मोडीअक्षर:
यात भर. पेशवाईतल्या कागदांवर शकाऐवजी सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरातली एक वेगळी वर्षगणना, भेटेल, तोही अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने, आधी एकम्. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, ११७६. त्यात ५९९ मिळवा, १७७५. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारी ते मेअखेरच्या तारखांना ६०० मिळवायचे. फसली सनाला, म्हणजे महसुली वर्षाला, ५९० आणि ५९१. हे न कळल्यामुळे बापाआधी मुलगा जन्मलेल्या वंशावळी पाहण्यात आल्या आहेत.

सरकारी बाजूने तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. घराला इनाम किंवा वर्षासन असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इनाम कमिशनचे कागद बघा. १८५२च्या कायद्यानंतर इनामदारांना हक्क शाबीत करावा लागला, त्यासाठी कैफियती दिल्या गेल्या आणि त्यांत वंशावळी आहेत. अर्थात हक्कासाठी लिहिलेली वंशावळ आहे ती. दत्तकं आणि भाऊबंदकी यांबाबत डोळे उघडे ठेवून वाचा.

आकडेमोड:
तिसरा प्रश्न राहिला. आडनाव विरळ का, याचं उत्तर हुद्दा किती जागी होता यात आहे. पाटील आणि कुलकर्णी गावोगावी. देशमुख-देशपांडे परगण्या-परगण्याला. पोतदार कसब्या-कसब्यात. पारसनीस मात्र दरबाराला एखाद-दोन घरं. त्यात ही जागाच बंद पडली: पेशवाई १८१८ला गेली, साताऱ्याचं राज्य १८४८ला, नागपूरचं १८५४च्या सुमारास. नवीन पारसनीस घडणं तिथेच थांबलं. आज जे आहेत ते तेव्हाच्या मोजक्या घरांचे वंशज. साताऱ्यात इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) होऊन गेले. महाराष्ट्राबाहेर नाव भेटलं तर आधी जुन्या संस्थानांची शहरं डोळ्यांसमोर आणा.

जनगणना आडनावांचे आकडे छापत नाही. आडनावांची संख्या सांगणाऱ्या संकेतस्थळांवरचे आकडे अंदाजाचे असतात, आणि रोमन लिपीतली तीन-चार स्पेलिंगं ती तीन-चार आडनावं म्हणून मोजतात. नाशिकपुरतं मोजायचं तर मतदारयादी. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली असे चार मतदारसंघ धरा. यादीची पीडीएफ पुष्कळदा चित्ररूप असते, संगणकाचा शोध तिच्यात चालत नाही, भाग एकेक उघडून डोळ्यांनी पाहावा लागतो. पारसनीस, पारसनिस, पारसनिश, फारसनीस, चारही रूपं टिपा.

माणसं मोजू नका, घरं मोजा. घरक्रमांक एक, आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव जुळतं, ते एक घर. लग्न होऊन गेलेल्या मुली दुसऱ्या आडनावात गेलेल्या, आलेल्या सुना तुमच्या आडनावात, अठराखालची मुलं यादीत नाहीत, आणि वारलेल्यांची नावं वर्षानुवर्षं राहतात. माणसांचा आकडा म्हणून फसवा, घरांचा बराच खरा. प्रत्येक घराला फोन झाला की एकच विचारा, मूळ गाव आणि कुलदैवत. ही दोन जुळली तरच वंशावळीच्या कागदावर रेघ ओढा.

गंगापूररोड:
आभार. या रविवारी सकाळी रामकुंडावर जातो.

तिळभांडेश्वर:
सकाळी नको. बारापर्यंत त्यांचे विधी चालू असतात, वही काढायला कुणाला सवड नसते. वारही मधला धरा, दुपारी चारनंतर. पितृपक्ष टाळा, आणि २०२७च्या सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकून घ्या.