मदत हवी आहे: युरोपात डेटासाठी ई-सिम, ओटीपीसाठी नेहमीचं सिम

नमस्कार मंडळी, आई-बाबांना घेऊन फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीला जातोय. नकाशा आणि व्हॉट्सॲप बंद पडून चालणार नाही, कारण चुकामूक झाली तर दोघं फार घाबरतील.

डेटा ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं डिजिटल सिम) घ्यायचा आणि नेहमीचं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवायचं, असं ठरवलंय. त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करणार. आयफोनमध्ये 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' हा पर्यायही बंद ठेवणार, नाहीतर फोन परस्पर दुसऱ्या सिमचा डेटा वापरू शकतो.

खरी अडचण स्वित्झर्लंडची. २०१७ पासून युरोपीय संघातल्या सिमना संघातल्या इतर देशांत रोमिंगचं जादा शुल्क नाही, पण स्वित्झर्लंड संघात नाही. त्यामुळे नुसतं 'युरोप' लिहिलेल्या प्लॅनवर माझा भरवसा बसत नाही. तिन्ही देशांत एकच ई-सिम कुणी वापरलंय का? डोंगराळ भागात रेंज कशी होती?

बाबांच्या जुन्या फोनला ई-सिम चालत नाही, म्हणून हॉटस्पॉट द्यावा लागेल. काही प्लॅनमध्ये तो बंद असतो म्हणे. आणि रोमिंग पॅक न घेता ओटीपीचे एसएमएस तुम्हाला वेळेवर आले का? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.