हंगाम संपल्यावर वाटतं ते नेमकं काय? हुरहूर, रुखरुख, की आणखी काही?

प्रश्न

मंडळी, एक शब्द हवा आहे.

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचा शेवटचा रविवार. दहाही सामने एकाच वेळी सुरू, एकाच वेळी खतम. आमचा संघ ना वरच्या चढाओढीत, ना खालच्या विभागात घसरणाऱ्या तिघांत. नुसता मधे लोंबकळलेला. शेवटची शिट्टी वाजली आणि माझ्या तोंडून निघालं, "सुटलो!" ३८ सामने, ऑगस्ट ते मे, दर आठवड्याला तीच धडधड. पुरे झालं होतं.

मग खेळाडू पोराबाळांना घेऊन मैदानाला फेरी मारायला निघाले. बापाच्या नावाचा, पार गुडघ्याखाली येणारा शर्ट घातलेल्या एका चिमुरड्याने रिकाम्या गोलात चेंडू ढकलला आणि अख्खं स्टँड ओरडलं. टीव्ही बंद करायला रिमोट उचलला होता, तो तसाच हातात राहिला. 'सुटलो' म्हणून पाच मिनिटंही झाली नव्हती.

वर्तमानपत्रात याला 'संमिश्र भावना' म्हणतात. मला तो शब्द अहवालातला वाटतो, कुणी बोलताना वापरलेला मी तरी ऐकला नाही. मी 'हुरहूर' म्हणतो. बायको म्हणते, "हुरहूर कसली, तुला रुखरुख लागलीय." कोण बरोबर?

प्रतिसाद

वहिनींचं म्हणणं तुमच्या संघाला लागू नाही, पण शब्द म्हणून त्या बरोबर दिशेला आहेत. हे चार शब्द आपण सरमिसळ करून वापरतो, त्यांची घरं मात्र वेगळी आहेत.

चुटपुट लागते ती थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची. २०१८-१९ चा हंगाम आठवा. लिव्हरपूल ९७ गुण, मँचेस्टर सिटी ९८. अख्ख्या लीगमध्ये लिव्हरपूल एकच सामना हरलं, ३ जानेवारीला, सिटीकडूनच, २-१. त्या सामन्यात ०-० असताना सिटीच्या जॉन स्टोन्सने गोलरेषेवरून चेंडू परतवला, तेव्हा चेंडू पूर्ण आत जायला ११.७ मिलिमीटर उरले होते. एका गुणाने गेलेलं विजेतेपद आणि बोटाच्या रुंदीहून कमी अंतर! याला चुटपुट म्हणायचं.

रुखरुख ही तीच चुटपुट मुरल्यावर. चुटपुट ताजी असते, रुखरुख लागून राहते. 'लागून राहणे' हे क्रियापद तिला जितकं शोभतं तितकं दुसऱ्या कशाला नाही.

हळहळ बहुतेकदा दुसऱ्यासाठी असते आणि चारचौघांत असते. म्हणून हळहळ 'व्यक्त' करता येते. 'क्रीडाप्रेमींनी रुखरुख व्यक्त केली' असं लिहून बघा, लगेच खटकेल.

हुरहुरीला मात्र कारण सांगता येत नाही. सांगता आलं तर ती हुरहूर नव्हे. तुमचं काही हुकलेलं नाही, कुणी काही हिरावलेलं नाही, तरी आत काहीतरी हलतंय. तेव्हा माझं मत हुरहुरीला.

प्रतिसाद

'हळहळ' वरून शालके हा जर्मन क्लब आठवला. १९ मे २००१, बुंडेसलीगाचा, म्हणजे जर्मनीच्या लीगचा शेवटचा शनिवार. शालके घरच्या मैदानावर ५-३ ने जिंकलं. तिकडे हँबुर्गने विजेतेपदाच्या शर्यतीतल्या बायर्नवर ९० व्या मिनिटाला गोल केल्याची बातमी आली. म्हणजे शालके विजेते! लोक कुंपणं ओलांडून मैदानात घुसले, एकमेकांच्या गळ्यात पडले. हँबुर्गचा सामना मात्र संपलेला नव्हता. भरपाईच्या वेळेत बायर्नला गोलसमोर इनडायरेक्ट फ्री किक मिळाली, पॅट्रिक अँडरसनने ती मारली, १-१. बायर्नला बरोबरीच पुरेशी होती. शालकेचं विजेतेपद चार मिनिटं टिकलं. जर्मनीत त्या संघाला आजही 'मनांचे विजेते' म्हणतात.

बाकीच्या देशाने केली ती हळहळ. पण जे मैदानात घुसले होते त्यांच्यासाठी हळहळ हा शब्द फार पातळ पडतो. त्याच वर्षी ते जुनं पार्कस्टेडियन सोडून क्लब नव्या मैदानात गेला, म्हणजे तो तिथला शेवटचा लीग सामना. हुरहूर, रुखरुख, हळहळ, सगळं एकाच संध्याकाळी. भाषेनेही किती पुरं पडायचं?

प्रतिसाद

चुकचुकणे राहिलं की! प्रतिस्पर्ध्यांचे चाहते हळहळत नाहीत, चुकचुकतात. तोंडाने च्‌ च्‌ च्‌, डोळ्यांत हसू.

प्रतिसाद

माझ्या मते तुम्ही सगळे नाम शोधताय आणि तिथेच फसताय. मराठी माणूस असल्या वेळी नाम वापरतच नाही. 'मला हंगामाच्या समाप्तीबद्दल हुरहूर आहे' असं कोण म्हणतं? क्रियापदं बघा. हुरहूर लागते, चुटपुट लागते. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, ओढ लागते, त्याच पंगतीतलं हे. आपण काही करत नाही. ते येऊन चिकटतं.

आणि 'संपणे' तरी एकच कुठे आहे? हंगाम संपला, आटोपला, उरकला, सरला. चारही बरोबर, पण चार वेगवेगळे चाहते बोलताहेत. ज्याचा संघ एप्रिलमध्येच विजेता ठरला आणि पुढचे सामने नावापुरते उरले, त्याचा 'उरकला'. 'सरला' म्हणणारा त्या शेवटच्या फेरीच्या वेळी डोळे पुसत असतो. दिवस सरतात, रात्र सरते. सरण्यात सावकाशी आहे, आपण बघत असताना हातातून जाणं आहे.

पण खरा दागिना म्हणजे 'संपला एकदाचा'. हा 'एकदाचा' बघा. दिसायला विशेषण, लिंगवचन पाळतो (परीक्षा संपली एकदाची, काम झालं एकदाचं), काम करतो क्रियाविशेषणाचं. त्यात सुटका आहे, वैताग आहे आणि एक कबुलीही आहे: मी यात पुरता अडकलो होतो. ज्या गोष्टीशी आपलं देणंघेणं नाही तिला कुणी 'एकदाची' म्हणत नाही. शेजारच्या अनोळखी माणसाचा पाहुणा गेला तर तो नुसता गेला. आपला गेला तर 'गेला एकदाचा', आणि मग घर खायला उठतं.

२८ मे २०२३ ला एव्हर्टनच्या चाहत्यांना विचारायला हवं होतं. १९५४ पासून हा क्लब सलग वरच्या विभागात. शेवटच्या दिवशी जिंकलं नाही तर त्या परंपरेवर पाणी पडण्याचा धोका. अब्दुलाय दुकुरेच्या एका गोलावर बोर्नमथला १-० हरवलं आणि ३६ गुणांवर तरले. ३४ गुणांवरचं लेस्टर खाली गेलं, जे सातच वर्षांपूर्वी विजेतं होतं. एव्हर्टनचा माणूस त्या संध्याकाळी 'संपला एकदाचा' याखेरीज दुसरं काय म्हणेल?

प्रतिसाद

त्यांचा जीव भांड्यात पडला असं म्हणा. गंमत म्हणजे हंगामभर जीव टांगणीला लागलेला असतो आणि शेवटी भांड्यात पडतो. म्हणजे टांगणी थेट भांड्याच्या वर असणार. आणि खोटं कशाला बोलू, पंधरा दिवस भांड्यात काढले की पुन्हा टांगणीवर जावंसं वाटतं.

प्रतिसाद

थोडं अवांतर. 'हंगाम' मुळात फारसी, अर्थ वेळ, काळ. 'हंगामा' त्याच घरातला. मराठीत 'हंगामी' चे दोन अर्थ झाले: मोसमापुरता आणि तात्पुरता. हंगामी फळ, हंगामी अध्यक्ष. त्यामुळे 'हंगामी चाहता' म्हणजे संघ जिंकत असताना उगवणारा. त्याला यातलं काहीच लागत नाही, ना हुरहूर, ना चुटपुट. सुखी माणूस.

पुन्हा प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. 'एकदाचा' पटला. शिट्टीनंतर जे तोंडून निघालं त्याचा अर्थ आता लागला.

पण ते अर्धंच झालं. आज हंगामानंतरचा पहिला शनिवार. सामन्याआधी तासभर संघ जाहीर होतात, त्या सुमाराला हात आपोआप खिशाकडे गेला. ॲप उघडलं. गुणतक्ता तोच, रविवारी होता तसाच, प्रत्येकापुढे ३८. उगाच खाली ओढून ताजा केला. तोच. फोन ठेवला, पाच मिनिटांनी पुन्हा उचलला. हे काही गुदमरणं नाही, दुःख म्हणावं तर तेही नाही. दाराला कुलूप लावलं की नाही असं वाटत राहतं ना, तसं.

प्रतिसाद

अहो, मग सरळ म्हणा की चुकल्याचुकल्यासारखं होतंय! इतका वेळ आम्ही हुरहुरीत गुंतलो. रोजची सवय मोडली, रोजचं माणूस गावाला गेलं की होतं ते हेच. आणि बघा, इथेही नाम नाही. 'चुकल्याचुकल्यासारखेपणा' कुणी म्हणत नाही. 'सारखं' ही त्यातली मेख: चुकलेलं काही नसतं, चुकल्या*सारखं* असतं. दोनदा म्हटल्याने ते विरळ आणि पसरट होतं, एका जागी बोट ठेवता येत नाही.

माझा हिशेब असा: शिट्टीला 'संपला एकदाचा', फेरीच्या वेळी हुरहूर, आणि पुढच्या शनिवारपासून चुकल्याचुकल्यासारखं. तुम्ही एकच शब्द मागितलात, पण वाटणं एका वेळी आलंच नव्हतं, ओळीने आलं. म्हणून 'संमिश्र' खटकतो. तो सगळं एका भांड्यात घुसळतो.

पुन्हा प्रश्नकर्ता

मान्य. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "रुखरुख नाही तर नाही, पण फोन ठेव." आता शेवटचं: मे ते ऑगस्ट या मधल्या काळाला काय म्हणायचं? 'ऑफ सीझन' नको.

प्रतिसाद

भाकडकाळ. विश्वचषक किंवा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) असेल त्या वर्षी जरा दूध निघतं, विषम सालात अगदीच कोरडं. आणि या काळात अमुक खेळाडू तमुक क्लबात चालला अशा ज्या बातम्या येतात, त्या भाकडकथा.

पुन्हा प्रश्नकर्ता

घेतला. आमच्या गोलरक्षकाची सकाळपासून तिसरी भाकडकथा वाचतोय. ही जरा खरी वाटते.