मुलं स्काउट-गाइडमध्ये असतानाचे तुमचे अनुभव

सुतळी:
आज गच्चीतली कपडे वाळत घालायची दोरी तुटली. उन्हाने विरली होती, मधूनच गेली. खांबांवरच्या गाठी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. लेकाने बांधलेल्या, तो स्काउटमध्ये होता तेव्हाच्या. आता तो नोकरीसाठी परगावी. गाठी सोडवत बसले आणि ते सगळे दिवस आठवायला लागले, म्हणून हा धागा.

आमचा मुलगा फार अबोल. पाहुणे आले की आतल्या खोलीत. स्काउटमध्ये घातला तेव्हा तिथल्या सरांनी त्याला एकदाही "बोल रे" म्हटलं नाही. दोरांची पेटी त्याच्याकडे सोपवली, बस. ज्याला दोर हवा त्याने याच्याकडे मागायचा आणि परत देताना नीट गुंडाळून द्यायचा. एकदा आणायला गेले तर हा पेटीसमोर मांडी घालून बसलेला, आणि स्वतःपेक्षा हातभर उंच मुलाला सांगतोय, "टोक लोंबतंय. परत गुंडाळ." आवाज चढवला नव्हता, पण शब्दन् शब्द स्पष्ट. त्या मुलाने मुकाट्याने परत गुंडाळला! त्या सरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तुमची मुलं कब, स्काउट, गाइड कशातही असोत, लिहा. लहानसहान काहीही चालेल.

निळाई:
आमची थोरली गाइड. शिबिराहून आली की आधी झोपायची, मग जेवायची आणि मग सांगायला बसायची. एकदा रात्रभर पाऊस. सुती तंबूला आतून बोट लावलं की तिथूनच पाणी पाझरायला लागतं, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. तरी एकीने लावून बघितलंच. मग रात्रभर तिघी एका कोपऱ्यात.
दारावर कोणीतरी आलंय, बाकी नंतर लिहिते.

दोन वेढे:
सुतळी, खांबाभोवती दोरीचे दोन वेढे आणि मग दोन अर्ध्या गाठी, अशी आहे का ती? म्हणजे राउंड टर्न आणि दोन हाफ हिच. मुलं सहसा क्लोव्ह हिच मारतात, पटकन होते म्हणून. पण दोर सतत हलत राहिला की ती सरकते. राउंड टर्नमध्ये ताण वेढेच घेतात, वरच्या गाठीवर फारसा भार येत नाही.
मी बरीच वर्षं स्काउटमास्टर होतो. माझी दोन्ही मुलं माझ्याच पथकात. तिथे मला सर म्हणायचं हा नियम. धाकटा परतीच्या वाटेवरही सर म्हणायचा, घराचं दार उघडलं की मग बाबा.

सुतळी:
आत्ता परत वर जाऊन पाहिलं. हो, दोन वेढेच आहेत! लेकाला फोटो पाठवते.

मधली सुट्टी:
आमचा डावखुरा. गाठी शिकताना रडकुंडीला यायचा, सगळ्यांचं सुलट आणि याचं उलट. मग सरांनी बाकीच्यांना शेजारी बसवलं आणि याला बरोबर समोर. आरशात बघितल्यासारखं करत गेला आणि जमलं. शिवाय स्काउटमध्ये हात मिळवायचा तो डावा, याचा त्याला कोण आनंद! घरी येणाऱ्या प्रत्येकापुढे डावा हात.

रानवाट:
छान धागा. मुलगी 7 वर्षांची आहे. कब आणि स्काउट वेगळे कसे, कोणी सांगेल का?

दोन वेढे:
रानवाट, कब म्हणजे लहान मुलांचा कळप, 1916 पासून आहे. खेळ-गोष्टींवर भर, प्रमुखाला "अकेला" म्हणतात. मुलींसाठी गाइडचे लहान गट असतात, नाव देशागणिक बदलतं. कित्येक देशांत आता मुलींना स्काउटमध्येही घेतात.

निळाई:
आले परत. मुलींवरून आठवलं, 1909 मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुली आपणहून हजर झाल्या होत्या, आम्हालाही घ्या म्हणून. पुढच्याच वर्षी गाइड सुरू झालं. लेकीने यावर भाषण केलं होतं. आठवडाभर घरात तेच, मलाही पाठ झालं.

ओंजळ:
कधी लिहीत नाही इथे, आज लिहिते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. शिट्टीचा आवाज त्याला सहन होत नाही आणि स्काउटमध्ये तर प्रत्येक गोष्टीला शिट्टी. पहिले काही दिवस मी मैदानाच्या कडेलाच बसायचे, आता हा पळत येईल म्हणून. एक दिवस पाहिलं तर त्यांच्या तुकडीची नायक, जेमतेम बारा वर्षांची पोर, शिट्टीच्या आधी याच्याकडे वळून हात वर करते. हा कानांवर हात ठेवतो. मग शिट्टी. मी सरांना विचारलं तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्या मुलांनी आपसात ठरवलेलं.
त्यानंतर मी मैदानाबाहेर थांबायला लागले.

सुतळी:
ओंजळ, डोळे भरून आले. त्या पोरीला माझा आशीर्वाद सांग.

मधली सुट्टी:
खरंच गं. किती छान सांभाळून घेतलं मुलांनी.

दोन वेढे:
तुकडीपद्धत असते ती याचसाठी. 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटचे जनक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं, तिथेच मुलांच्या चार तुकड्या केल्या होत्या: लांडगे, बैल, कर्ल्यू (लांब चोचीचा पाणपक्षी) आणि रेव्हन (डोमकावळा). श्रीमंत घरची आणि कामगारांची मुलं मुद्दाम एकत्र, आणि प्रत्येक तुकडीला मुलांमधलाच नायक. मोठ्या माणसाला प्रत्येक मूल दिसत नाही, नायकाला दिसतं.

पायवाट_२:
माझा अनुभव जरा कडू आहे. आम्ही होतो त्या गटात बिल्ल्यांची चढाओढ लागली होती. वह्या पालक लिहायचे, पक्षी ओळखायचा बिल्ला तर आयांनी घरी बसून चित्रं चिकटवून मिळवला. लेकीने एकही पक्षी पाहिला नव्हता. तिने स्वतःच सांगितलं, मला हा बाहीवर नकोय. पुढे दुसऱ्या गटात घातली, तिथे पहाटे उठून खरोखर पक्षी बघायला नेत. तो बिल्ला तिने स्वतः शिवला, जरा तिरका आहे.

निळाई:
पायवाट, शाब्बास लेकीची! बाय द वे, बिल्ले इस्त्रीने चिकटवणारे घेऊ नका, दोन धुण्यांत कडा सुटतात.

मधली सुट्टी:
निळाई +१. आणि स्कार्फ वेगळा धुवा, रंग जातो.

गोधडी:
नातवाचं लिहिते. माझ्या नाकातून रक्त आलं, सवयीने मान मागे टाकली. हा धावत आला, "आजी, मागे नको, पुढे वाक. आणि नाकाचा मऊ भाग दाबून धर." घड्याळ घेऊन समोर बसला, दहा मिनिटं होईपर्यंत बोट काढू दिलं नाही. मी बोलायला गेले की "आजी, तोंडाने श्वास घे." नऊ वर्षांचा आहे.

रानवाट:
गोधडीताई, किती गोड. मलाही हे माहीत नव्हतं.

कवडसा:
इथेच विचारते. परवा मुलाचं पहिलं शिबिर, दोन रात्री. रात्री रडला तर? त्याच्यापेक्षा मलाच झोप नाहीये.

ओंजळ:
कवडसा, रडतात कधीकधी. बाजूच्या तंबूतलंही कोणीतरी रडत असतं. नायकाला आधी सांगून ठेव. आणि "फोन कर" असं त्याला सांगू नकोस, मग तो फोनचीच वाट बघत बसतो.

दोन वेढे:
बॅग त्यालाच भरू द्या. तुम्ही भरलीत तर अंधारात त्याला टॉर्च सापडणार नाही. टॉर्च सगळ्यात वर, कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत.

कवडसा:
सगळं बाहेर काढून परत भरायला बसवलंय त्याला. मोजे सापडलेत, टॉर्चचे सेल शोधतोय.