पुनर्विकासाचा जीआर: २००९ चा धरायचा की २०१९ चा, आणि तो पाळायलाच हवा का?

सेक्रेटरी_ठाणे
नमस्कार. आमची ३२ फ्लॅटची सोसायटी, इमारत १९८६ ची. जिन्यातलं प्लॅस्टर पडायला लागलंय, त्यामुळे पुनर्विकासाला तत्त्वतः सगळे तयार आहेत. मी यंदा सेक्रेटरी झाले. परवाच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ३ जानेवारी २००९ चा शासन निर्णय (जीआर) वाचून दाखवला: तीन चतुर्थांश सभासद हजर नसतील तर बिल्डर निवडता येत नाही. दुसऱ्यांनी लगेच ४ जुलै २०१९ चा काढला, त्यात दोन तृतीयांश. आमचा सल्लागार म्हणतो, "दोन्ही नुसत्या मार्गदर्शक सूचना आहेत, बंधनकारक नाहीत असं कोर्टानंच म्हटलंय, त्यात वेळ घालवू नका." सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात विचारलं तर "जीआर वाचा" एवढंच उत्तर मिळालं. वाचले की हो दोन्ही! नोटिशीवर सही माझी असणार आहे. कुणी नीट सांगेल का?

निवृत्त_कार्यासन_अधिकारी
ताई, २०१९ चाच धरा. तो २००९ च्या जागी आलेला आहे. तुमच्या ३२ सभासदांत गणपूर्ती दोन तृतीयांश, म्हणजे २२ जण हजर हवेत. आणि ठरावाच्या बाजूने एकूण सभासदांच्या ५१ टक्के, म्हणजे किमान १७. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सभासदांच्या. इथे बऱ्याच सोसायट्या चुकतात आणि मग नाराज सभासदाला आयताच मुद्दा मिळतो.

माझी बरीच वर्षं मंत्रालयात असे मसुदे करण्यात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जीआर हातात आला की लोक थेट अटींवर जातात. आधी वरचा भाग बघा. २००९ च्या जीआरचा क्रमांक आहे सगृयो २००७/प्र.क्र.५५४/१४-स. म्हणजे प्रकरण २००७ सालचं, १४-स हे कार्यासन (विभागातला ती फाईल हाताळणारा कक्ष), आणि निर्णय निघाला २००९ मध्ये. मधल्या काळात टिप्पण्या आणि मसुदे वर-खाली फिरतात, विधी व न्याय विभागाचे अभिप्राय घेतले जातात, पैशाचा संबंध असला तर वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक शेवटच्या परिच्छेदात येतो. क्रमांकाखाली "वाचा" असं लिहून मागचे संदर्भ दिलेले असतात. नवा कागद कुठल्या जुन्या कागदावर उभा आहे ते तिथे कळतं. "अधिक्रमित करण्यात येत आहे" (म्हणजे जुना कागद रद्द, त्याच्या जागी हा) हे शब्द मात्र कधी प्रस्तावनेत असतात, कधी शेवटी, आणि कधी नसतातच. नसले की गोंधळ. मसुदा करताना "यापूर्वीचे या विषयावरील सर्व आदेश" असं मोघम लिहिणं सोपं असतं. कुठला कागद मेला ते क्रमांक आणि दिनांकासह लिहायला जुन्या फायली काढून बसावं लागतं. ते काम झालंच पाहिजे, कारण ते नाही केलं तर त्याचा त्रास तुमच्यासारख्यांना होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत कधीच वापरू नका. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा वेगळा विभाग आहे. जीआरच्या शेवटी जो लांबलचक संगणक सांकेतांक असतो, त्याची सुरुवातच वर्ष, महिना, दिवस अशी असते. तो टाकून मूळ प्रत उतरवा, डिजिटल स्वाक्षरी बघा. फक्त एक ध्यानात ठेवा: जुन्या पीडीएफवर "रद्द" असा शिक्का उमटत नाही. २००९ चा कागद आजही तितकाच ताजा दिसतो.

आता सल्लागाराचं म्हणणं. हे दोन्ही जीआर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खाली काढलेले आहेत. शासनाने या कलमाखाली दिलेले निदेश पाळायला संस्था बांधील आहेत असं कलमातच लिहिलंय. त्यामुळे "नुसत्या सूचना" हे काही मला पटत नाही.

वकील_दादर
साहेबांनी छान लिहिलंय, पण सल्लागार पूर्ण चुकीचा नाही. पुनर्विकासाच्या या निदेशांतली प्रत्येक पायरी अनिवार्य नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून जास्त निकालांत म्हटलंय. माया डेव्हलपर्सच्या खटल्यातला २०१६ चा निकाल वाचा. एखादी पायरी चुकली म्हणून बहुमताचा ठराव आपोआप कोसळत नाही.

पण याच कलमाचं दुसरं उदाहरण घ्या. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, हा १ ऑगस्ट २००१ चा आदेशही ७९अ खालीच निघाला. मॉन्ट ब्लँक सोसायटीने त्याला आव्हान दिलं आणि २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. तिथे कुठलीही सोसायटी "ही मार्गदर्शक सूचना आहे" म्हणून १५ टक्के घेऊ शकत नाही. कलम एकच, पण एक आदेश ठाम मर्यादा घालतो आणि दुसरा कामाची पद्धत आखून देतो. कोर्टाने पद्धतीत लवचीकता दिली ती प्रामाणिक समितीसाठी. बिल्डरच्या सोयीने सभाच न घेणाऱ्यांना ती मिळेल, या भरवशावर राहू नका. निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी सभेला हवा, सभेचं चित्रीकरण हवं, या अटींनी उद्या तुमचंच रक्षण होणार आहे.

नागरी_बँक_सांगली
विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच होतं. रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक दुसऱ्यात सुधारणा करायचं, तिसरं त्याचा खुलासा करायचं. ऑडिटच्या वेळी कुठलं लागू हे शोधण्यात दिवस जायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी सगळं एकत्र करून २४४ मास्टर डायरेक्शन्स (विषयवार एकत्रित निदेश) काढली आणि नऊ हजारांहून जास्त जुनी परिपत्रकं एकदम मागे घेतली. मागे घेतली हे महत्त्वाचं! आपल्या सहकार खात्यानेही गृहनिर्माण संस्थांसाठी असं एकदा करावंच.

सेक्रेटरी_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. २२ आणि १७ हे आकडे लिहून ठेवले. एकच शंका: २०१९ नंतर यात काही बदल निघाला असेल तर तो मला कसा कळणार? कार्यालय लेखी काहीच देत नाही.

निवृत्त_कार्यासन_अधिकारी
माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून निबंधक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा पाल्हाळ नको. "कुठला जीआर लागू आहे?" असं विचारू नका, मत देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, अर्ज परत येईल. असं लिहा: "दि. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर त्याच विषयावर आपल्या कार्यालयास प्राप्त झालेली सर्व शुद्धिपत्रके, परिपत्रके व सुधारणा यांच्या प्रती मिळाव्यात." तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकही कागद आला नसेल तर तसं लेखी मिळेल. ते पत्र सभेच्या नोटिशीला जोडा आणि नोटिशीत जीआरचा दिनांक, क्रमांक आणि सांकेतांक तिन्ही घाला. अर्ज याच आठवड्यात टाका, म्हणजे सभेची तारीख उत्तर हातात आल्यावर ठरवता येईल.