विषय: ‘३००’ चित्रपट: रक्त, टाळ्या आणि पावनखिंडीचा दाखला

प्रेषक: ज्येष्ठ सभासद
मार्च २००७

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या तरुण शाखेने गेल्या शनिवारी ‘३००’ या चित्रपटाची एकत्र तिकिटे काढली, तेव्हा निरोपात ‘प्राचीन ग्रीसच्या इतिहासावरील चित्रपट’ एवढेच लिहिले होते, आणि ते वाचून आम्ही काही वडीलधारी मंडळीही हौसेने गेलो. स्पार्टा या ग्रीक राज्याचा राजा लिओनिडास आणि त्याने ३०० योद्ध्यांसह इराणच्या प्रचंड सैन्याला जिथे अडवले ती थर्मोपिलीची खिंड, ही नावे शाळेपासून परिचयाची होती. पडद्यावर मात्र दोन तास कत्तल चालली होती. कापलेले मुंडके हवेत फिरते आणि कॅमेरा ते जमिनीवर पडेपर्यंत सावकाश पाहत राहतो, शत्रूच्या प्रेतांची भिंत रचली जाते, आणि आमच्या मागच्या रांगेतील मुले अशा प्रत्येक प्रसंगी टाळ्या पिटत होती. चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना पालकांबरोबरच प्रवेश मिळतो, हे निरोपात नमूद असायला हवे होते.

रणांगणावर रक्त सांडते हे मला समजते. कीचकवध आणि दुःशासनवध ऐकतच आपण मोठे झालो. परंतु भीम दुःशासनाची छाती फोडतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, तसा काटा येथे कोणाच्याच अंगावर आलेला दिसला नाही. खिंड आणि ३०० हा आकडा यांमुळे मला राहून राहून बाजीप्रभू आठवत होते, आणि त्यांच्या बलिदानाचेही उद्या असेच चित्रण झाले तर आपण टाळ्या वाजवू का, असा प्रश्न पडला.

आपला,
वि. म.

*

प्रेषक: तरुण शाखा

आदरणीय काका,

मी दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या चित्रपटाकडे थोडे वेगळे पाहिले. त्याचा आधार इतिहासाचे पुस्तक नसून फ्रँक मिलर यांची १९९८ ची चित्रकथा आहे, आणि तिची चौकटन् चौकट पडद्यावर उतरवण्याचा दिग्दर्शक झॅक स्नायडर यांचा हट्ट आहे. जवळजवळ सर्व चित्रीकरण मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर झाले; आकाश, समुद्र आणि कडे नंतर संगणकावर आले. रक्तही बव्हंशी संगणकावरचेच आहे. पुन्हा पाहिलेत तर लक्षात येईल, की ते शाईच्या फटकाऱ्यासारखे उडते आणि जमिनीवर डाग न पाडता नाहीसे होते. अंगावर काटा येत नाही याचे कारण हेच असावे, कारण आपण जखम पाहत नसतो, चित्र पाहत असतो.

दुसरे असे, की ही सारी कथा एका सैनिकाच्या तोंडून येते. त्याला लिओनिडासने अखेरच्या दिवसाआधी परत पाठवलेले असते आणि वर्षभराने तो ग्रीसमधील प्लाटिआच्या रणांगणावर सैन्याला स्फुरण चढावे म्हणून ती सांगतो. डफावर थाप पडली की शाहिराच्या तोंडी शत्रू डोंगराएवढा होतोच, आणि त्याबद्दल त्याला कोणी पुरावा मागत नाही.

मतभेद अर्थातच सगळीकडे आहेत. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात समीक्षकांच्या खेळातून अनेकजण उठून गेले आणि उरलेल्यांनी हुर्यो उडवली. त्याच दिवशी प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. येथे अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ७ कोटी डॉलरची तिकिटे खपली. जॉर्ज बुश हे लिओनिडास की इराणचा राजा झर्क्सीस, असा प्रश्नही एका पत्रकाराने दिग्दर्शकाला विचारला म्हणे. एकाच चित्रपटातून दोन्ही उत्तरे निघू शकतात, याची मला गंमत वाटली.

आपला नम्र,
अ. शा.

*

प्रेषक: ग्रंथवाचन गट

सभासदहो, नमस्कार.

शाहिराचा मुद्दा मला पटला, परंतु तो अर्धाच आहे. शाहिराचे श्रोते एकाच बाजूचे असतात. हा चित्रपट मात्र आमच्या शेजारच्या इराणी कुटुंबातील मुलीच्या वर्गमित्रांनीही पाहिला. परवा नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, शुभेच्छा द्यायला मी त्यांच्याकडे गेले. मेजावर हफ्तसीन, म्हणजे फारसी ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू, मांडलेले होते, अंकुरलेल्या गव्हाची हिरवी थाळी, लसूण, सफरचंद, व्हिनेगर, आणि त्यामागे प्राचीन इराणच्या राजधानीतील, पर्सेपोलिसच्या, शिल्पाचे चित्र होते. त्या चित्रातला राजा लांब कुरळ्या दाढीचा आणि पायघोळ वस्त्रातला आहे. चित्रपटातील झर्क्सीस मुंडण केलेला, अंगभर सोन्याची वलये टोचलेला, जवळजवळ उघडा आणि माणसाच्या दीडपट उंच आहे. ‘तुमचे राजे असे होते का?’ असे त्या मुलीला शाळेत विचारले गेले. तेहरानच्या एका वृत्तपत्राने ‘हॉलिवूडने इराणींविरुद्ध युद्ध पुकारले’ अशा आशयाचा मथळा दिला, तो मला आधी अतिरंजित वाटला होता. त्या घरात बसल्यावर तसा वाटेना. मुंबईच्या पारशी घरांत आजही झर्क्सीस आणि सायरस ही नावे ठेवतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहेच.

ज्या प्राचीन इतिहासकार हेरोडोटसने आपल्याला थर्मोपिलीची हकिगत सांगितली, तो स्वतः ग्रीक असूनही लिहितो, की एवढ्या प्रचंड सैन्यात रूपाने आणि उंचीने राज्याला झर्क्सीसइतका योग्य दुसरा कोणी नव्हता. मात्र लिओनिडासच्या शवाचे शिर कापवणारा झर्क्सीसही तो लपवत नाही.

सर्वांत जोरदार टाळ्या पडल्या त्या विहिरीच्या प्रसंगाला, इराणी दूताला लाथ मारून विहिरीत ढकलले जाते तेथे. दूतांना विहिरीत टाकल्याची कथा हेरोडोटसमध्येही आहे, पण ते दूत झर्क्सीसच्या पित्याचे, दरायसचे होते, आणि पुढचा भाग चित्रपटात नाही. दूताला मारणे हे पाप आहे, असे स्पार्टाच्या लोकांना स्वतःलाच वाटले. त्यांना शुभशकुन मिळेनासे झाले. अखेर स्पर्थिआस आणि बुलिस हे दोन कुलीन पुरुष ‘आमचा जीव घ्या आणि हिशेब मिटवा’ म्हणून इराणच्या दरबारी गेले. झर्क्सीसने त्यांना सोडून दिले. सर्व मानवजातीचा नियम तुम्ही मोडलात, तसा तो मी मोडणार नाही, असे त्याने सांगितल्याचे हेरोडोटस लिहितो. या प्रसंगात रक्ताचा थेंबही नाही, आणि असता तरी त्याला टाळ्या कशा पडल्या असत्या कोण जाणे.

म्हणून वि. म. काकांच्या तक्रारीचा रोख मी किंचित बदलेन. रक्त शाईचे आहे, हे मान्य. पण ज्याचे रक्त सांडते तो माणूस आधी राक्षस करून ठेवलेला आहे, आणि काटा न येण्याचे खरे कारण मला तेथे दिसते. चित्रपटात इराणी सैन्यात विद्रूप अजस्र देह आणि करवती हातांचा जल्लाद आहे. हेरोडोटस त्याच सैन्याची यादी देतो, तेव्हा त्यात भारतीयही येतात, झाडाच्या लोकरीची म्हणजे कापसाची वस्त्रे ल्यालेले, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे वेताचे बाण घेतलेले. आपल्या उपखंडातील माणसे त्या लढाईत कोणत्या बाजूला उभी होती, हे शनिवारी टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या मुलांना कोणी सांगितले आहे का?

स्वातंत्र्याची भाषणे करणाऱ्या स्पार्टाची शेते हेलॉट नावाचे दास कसत, आणि त्यांना मारल्याचा दोष लागू नये म्हणून तेथील अधिकारी दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. थर्मोपिलीच्या मृतांत हेलॉटही होते. त्यांचा चित्रपटात पत्ता नाही.

राहिला पावनखिंडीचा दाखला. अरुंद जागा, मूठभर लोक आणि पाठलागावरचे प्रचंड सैन्य, इथवर तो जुळतो. थर्मोपिलीला राजा स्वतः मागे राहिला. १६६० च्या जुलैत बाजीप्रभू मागे राहिले ते राजा विशाळगडावर पोहोचावा म्हणून, आणि तोफांचे आवाज ऐकू येईपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही. ग्रीकांच्या खिंडीला वळसा घालणारी डोंगरवाट मात्र एफिआल्टिस नावाच्या एका ग्रीकानेच इराणी सैन्याला दाखवली. जुळणारी आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. अखेरच्या दिवशी ३०० स्पार्टनांच्या शेजारी थेस्पिआ या ग्रीक नगराचे सुमारे ७०० लोक स्वेच्छेने थांबून मेले, आणि त्यांचे स्मारक तेथे १९९७ साली उभे राहिले. आपल्याकडेही बाजीप्रभूंचे नाव घरोघरी आहे, पण हिरडस मावळातले बांदल देशमुखांचे जे मावळे त्या खिंडीत पडले, त्यांच्याबद्दल चार वाक्ये सांगू शकणारे या यादीवर किती निघतील?

आपली,
सु. दे.

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

सु. ताई, विहिरीच्या प्रसंगाला मीही टाळी वाजवली नाही, पण ती कथा मला ठाऊक नव्हती. शाईचे रक्त असो वा खरे, लहान मुलांसमोर ते नको, हे माझे मत कायम आहे. जुलैतील पावनखिंड कार्यक्रमात बांदलांवर अर्धा तास ठेवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे पाठवत आहे. तरुण शाखेने पडद्यावर चित्रे दाखवायची ठरवल्यास पावनखिंडीपर्यंत पाठलाग करणाऱ्या सिद्दी मसूदचे सैन्य माणसांसारखे काढावे.

वि. म.