"खेड्यातल्या पोरांनी कॉम्बो डेक बांधू नये" म्हणे. काहून?

आर्णीचा गडी
मागच्या आठवड्यात इथंच, मॅजिक या कार्डांच्या खेळाच्या गप्पांत, नागपूरच्या एका भाऊंनी फर्मान काढलं: "मॅजिक नव्यानं शिकणाऱ्यांनी, त्यातही खेड्यातल्या पोरांनी, कॉम्बोच्या नादी लागू नये. लाल बर्न बांधा, माउंटन टाका, बोल्ट मारा. कॉम्बो म्हणजे समोरच्याला बसवून ठेवून एकट्यानं खेळणं." खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. (नवीन असाल तर: डेक म्हणजे आपण बांधलेली कार्डांची गड्डी. कॉम्बो म्हणजे एकत्र आली की गेम संपवणारी दोन-तीन कार्डं. बर्न म्हणजे समोरच्याला थेट डॅमेज मारणारा डेक, बोल्ट हे त्यातलं कार्ड. माना म्हणजे कार्ड खेळायचा खर्च, तो माउंटनसारख्या लँड कार्डांतून येतो.) मी तिथं दोन ओळी लिहायला बसलो, त्याचं हे एवढं झालं.

खेड्यातल्या पोरांनी म्हणजे काय बे? आम्हाले वाचता येत नाही की बेरीज येत नाही?

पैशाचं म्हणाल तर पॉपर हा खेळाचा प्रकार आहे ना. सगळी कॉमन, म्हणजे सगळ्यांत साधी कार्डं, आणि कोणती चालतात त्याची 2019 पासून कागदावर अन् ऑनलाइन एकच यादी. माझा डेक हिरवा-पांढरा, मिडनाइट गार्ड आणि प्रेझेन्स ऑफ गॉन्ड. गार्डवर गॉन्ड बसला की गार्ड टॅप (आडवा करून वापरायचा), गॉन्डमुळं एक एल्फ आला, नवीन प्राणी आला म्हणून गार्ड अनटॅप (परत उभा), परत टॅप. किती एल्फ हवे तो आकडा सांगायचा अन् थांबायचं.

"दोन नेमकी कार्डं हातात येणं नशिबाचं काम" हे दुसरं पालुपद. हिशेब करा ना. 60 कार्डांच्या डेकमध्ये गार्ड 4, गॉन्ड 4. पहिल्या 7 कार्डांत दोन्ही असण्याची शक्यता साडेचौदा टक्के. आधी खेळलो तर चौथ्या टर्नपर्यंत 10 कार्डं पाहून होतात, तिथं साडेसव्वीस. कमीच आहे. आता त्यात चार हेलिओड्स पिल्ग्रिम टाका. तो आला की डेकमधून ऑरा (प्राण्यावर बसवायचं कार्ड, गॉन्ड तेच आहे) शोधून हातात देतो, म्हणजे गॉन्ड चाराचे आठ झाले. तोच आकडा 40 वर जातो, आणि यात मलिगन (वाईट हात बदलून घेणं) धरलेलाच नाही. नवीन पोरगं काय करते, कॉम्बोची कार्डं चार-चार टाकते आणि उरलेल्या जागेत जे आवडलं ते भरते. मग हरते, आणि मग म्हणते कॉम्बो भंगार. पिल्ग्रिम, माना देणारे लॅनोवर एल्व्ह्ज, त्या टर्नपुरतं प्राण्याला समोरच्याच्या कार्डांपासून वाचवणारी व्हाइन्स ऑफ व्हास्टवुड, हे सगळं त्या दोन कार्डांच्या चाकरीला हवं. पहिल्या टर्नला लॅनोवर पडला तर दुसऱ्याला गार्ड, तिसऱ्याला गॉन्ड.

संत्रानगरी बर्न
ते फर्मान काढणारा मीच. नमस्कार.

40 टक्के म्हणजे कार्डं *दिसण्याचे*, भाऊ. पिल्ग्रिम स्वतः तीन मानाचा आहे. गार्ड तिसऱ्याला, पिल्ग्रिम चौथ्याला, गॉन्ड पाचव्याला, आणि एल्फ आलेल्या टर्नला हल्ला करत नाहीत म्हणून मारणार सहाव्याला. तोवर माझा बर्न डेक तुम्हाला दोनदा मारून चहा पिऊन येतो.

आणि गार्ड 2/3 आहे, म्हणजे तीन डॅमेज झाला की मरतो. बोल्ट किती मारतो? तीन. तुम्ही गॉन्ड टाकला की मी त्याच्या उत्तरात गार्डला बोल्ट मारणार. गार्ड गेला, टार्गेट नाही म्हणून गॉन्डही गेला. माझा एक माना, तुमची दोन कार्डं.

खेड्याचं मी का म्हटलं ते शांतपणे वाचलं असतं तर कळलं असतं. नागपुरात दर वेळी नवीन माणूस समोर बसतो. तुमच्याकडं तीच पाच पोरं. पहिल्या रविवारी कॉम्बो चालतो, दुसऱ्या रविवारी पाचही जण बोल्ट धरून बसतात.

आर्णीचा गडी
बसू द्या की! बोल्ट हातात धरला म्हणजे माझ्या तोंडावर मारला नाही. जो बर्नवाला माझ्या गार्डची वाट पाहत बोल्ट दाबून बसतो तो बर्न राहिलाच कुठं?

चौथ्या टर्नला चार लँड असतात: तीन गॉन्डला, एक व्हाइन्सला. तुमच्या बोल्टला ते उत्तर. आणि एकदा गॉन्ड बसला की विषयच संपला, तुम्ही बोल्ट टाका, त्याच्या उत्तरात मी दहा लाख एल्फ काढतो. एल्फ मी माझ्या टर्नला काढतच नाही. तुमच्या टर्नच्या शेवटी काढतो. हल्ला तसाही पुढच्याच टर्नला आहे, मग तुम्हाला सॉर्सरी (फक्त आपल्याच टर्नला टाकता येणारं कार्ड) टाकायची संधी कायले द्यायची?

दर्यापूरकरीण
आर्णीचे दादा, विषय संपत नाही. गार्ड उभा असताना बोल्ट टाकणारा येडा. मी थांबते. तुम्ही पहिल्या एल्फसाठी गार्ड टॅप केला, अॅबिलिटी स्टॅकवर आहे, म्हणजे अजून घडायची बाकी आहे, *तेव्हा* बोल्ट. गार्ड आडवा आहे, उत्तरात परत टॅप होत नाही. गार्ड मेला. एल्फ किती? एक.

आणि व्हाइन्स तुम्ही गॉन्डसोबतच खर्च केली असेल तर माझ्या टर्नला तुमच्याकडं मानाही नाही. मग टर्नच्या शेवटापर्यंत थांबण्याची ती हुशारी तुमच्यावरच उलटते. व्हाइन्स वापरावी लागली तर एल्फ त्याच टर्नला काढा, कारण त्या टर्नपुरता तरी माझा कोणताच बोल्ट गार्डला लागत नाही. वापरावी लागली नाही तरच थांबा. डेक बांधला तसा चालवायलाही शिका.

संत्रानगरी बर्न
ताई 🙏🙏

आर्णीचा गडी
बरं. ती फट आहे. नागपूरकरांनी नाचायची गरज नाही, ती त्यांनाही दिसली नव्हती.

संत्रानगरी बर्न
दिसली नव्हती कारण माझ्यासमोर तुमचा गार्ड तिथवर पोचतच नाही. वरून साइडबोर्डात (दोन गेमच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांत) इलेक्ट्रिकरी आहे. हल्ल्याला निघाले की तीन मानात सगळे एल्फ साफ.

आर्णीचा गडी
साफ करा. गार्डला त्यानं एकच डॅमेज होते, तो जिवंतच राहते. तुमच्या टर्नच्या शेवटी परत दहा लाख. किती इलेक्ट्रिकऱ्या आहेत?

वावरवाला
तुमचं भारी चालू हाय बा. पन हे सांगा, कार्डं आनता कुठून? मी मागवले होते, तर पार्सल तालुक्याले येऊन वापस गेलं. मले फोन नाही, मेसेज नाही. साइटवर लिवलं 'ग्राहक उपलब्ध नव्हता'. मी त्या दिवशी दिवसभर घरीच होतो, सोयाबीनची मळणी चालू होती अंगनात! तवापासून माया सारा डेक झेरॉक्सचा हाय. एका पानावर नऊ कार्डं बसतात, रंगीत प्रिंट मारतो, कापतो, मांगं जुनी लँड लावतो अन् प्लास्टिकच्या स्लीव्हमंदी सरकवतो. बोल्ट मारला तं बोल्टच लागते.

नियमबुक
झेरॉक्स म्हणजे चोरी. ज्यांनी चित्र काढलं, ज्यांनी खेळ घडवला, त्यांना काय मिळालं? परवडत नसेल तर खेळू नका.

वावरवाला
अरे पन पैसे देल्ले होते ना म्या! पैसे वापस यालेच महिना लागला. चोरी कोनं केली मंग?

दर्यापूरकरीण
नियमबुक, आयडी एवढा मोठा घेतला तर नियम तरी नीट सांगा. मान्यताप्राप्त स्पर्धेत झेरॉक्स चालत नाही, हे बरोबर. तिथं खेळताना कार्ड खराब झालं तर जज प्रॉक्सी, म्हणजे बदली कार्ड, देतो, तेवढंच. पण घरी, मित्रांत, स्वतःपुरतं प्लेटेस्ट कार्ड (खेळून पाहण्यापुरतं कार्ड) बनवण्यावर मॅजिकच्या कंपनीचाच आक्षेप नाही, 2016 ला त्यांनी स्वतः जाहीर केलं आहे. विकलं तर गुन्हा. वावरवाले दादा विकतात का?

वावरवाला
कोन घेते इथं!

मेहकरचा मास्तर
प्रॉक्सीचा प्रश्न हुकला आहे. नवीन पोरानं आधी झेरॉक्सवर डेक खेळून पाहावा, पटला तर कार्डं घ्यावी. नाहीतर चार पिल्ग्रिम विकत घेऊन ड्रॉवरमध्ये पडतात. आमच्या शाळेतल्या पोरांना मी असंच शिकवलं. शाळेत नाही, बाहेर. शाळेत एकदा "सर पोरांना पत्ते शिकवतात" अशी तक्रार झाली होती.

वावरवाला
पत्त्याचं तं बोलूच नका. पोळ्याच्या दिसात आमी चार जन पाराच्या ओट्यावर बसलो, स्लीव्हा, फासे, टोकन म्हनून तुरीचे दाने. कोनंतरी खबर देल्ली का इथं जुगार चालू हाय. पोलीस आले. त्याइले मी समजावून राहिलो का सायेब, हा एल्फ हाय, हे त्याचं जंगल. ते म्हने, पैसे कुठीसा लपवले ते सांग. तुरीचे दाने मोजून पाह्यले त्याइनं, खरंच. आता मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत खेळतो. आमच्या फीडरले रातचीच लाईट राह्यते, तसंही जागाच लागते.

नियमबुक
विषय डेकचा होता.

वावरवाला
मंग डेकचं बोला ना, चोरी कोनं काढली?

संत्रानगरी बर्न
मूळ मुद्द्यावर येतो. कंपनीलाही दोन कार्डांचा कॉम्बो पचत नाही. मॉडर्न या प्रकारात स्प्लिंटर ट्विन हे कॉम्बोचं कार्ड 2016 च्या जानेवारीत बॅन झालं. तिसऱ्या टर्नला डिसीव्हर एक्झार्क, चौथ्याला ट्विन, गेम संपला. समोरच्यानं चौथ्या टर्नला कधी सगळे माना वापरायचेच नाहीत, हा काय खेळ आहे?

दर्यापूरकरीण
आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये तेच ट्विन बॅनमधून सोडलं, ते का नाही सांगितलं?

मेहकरचा मास्तर
बर्नवाले भाऊ, शिकवताना मला उलट दिसलं. ज्या पोराला बर्नपासून सुरुवात करून दिली, त्याला बरेच दिवस स्टॅक कळलाच नाही. जे दिसेल त्यावर बोल्ट. ज्या पोरीनं गॉन्डचा डेक घेतला ती पंधरवड्यात "सर, टॅप केल्यावर उत्तर देता येतं का" असं विचारायला लागली. हरते ती जास्त, हे खरं. खरं सांगतो, पहिले काही महिने हरतेच.

संत्रानगरी बर्न
म्हणजे मी जे म्हटलं तेच. हरते.

बरं बाबा, "खेड्यातल्या" हा शब्द काढतो. "ज्यांना सहा महिने हरायची तयारी नाही त्यांनी" असं वाचा. खूश?

आर्णीचा गडी
मूळ पोस्टमध्ये बदला, इथं नको. तिथं अजून माना डोलून राहिल्या.

वावरवाला
ते बदलेपर्यंत कोनी सांगा, यवतमाळ-दारव्हा पट्ट्यात कोनाकडं जाड स्लीव्ह शिल्लक हाय का? माह्यावाल्या पावसानं फुगल्या, झेरॉक्स मांगून दिसून राहिलं. पार्सल नको, मी येतो न्याले.