‘हरवलेलं मैदान’ नेमकं कशाला म्हणायचं?

रत्नागिरीहून
आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत फुटबॉलच्या जुन्या मैदानांवर चार पानं जायची आहेत. मथळा ठरलाय ‘हरवलेली मैदानं’. घोडं लंडनच्या वेम्ब्लीपाशी अडलंय. १९२३ सालचं वेम्ब्ली ऑक्टोबर २००० मध्ये बंद झालं, पुढे त्याचे दोन पांढरे मनोरेही पाडले आणि २००७ साली त्याच जागी, त्याच नावाचं नवं उभं राहिलं. हे हरवलेलं धरायचं का? मंडळात दोन तट पडलेत. आणि ‘हरवलेलं’ हा शब्द तरी बरोबर आहे का?

मालवणहून
‘हरवलं’ नको. छत्री हरवते, ती शोधली तर सापडते. शिवाय हरवण्यात कुणाचा दोष असला तरी बेत नसतो. स्टेडियम रीतसर कंत्राट देऊन पाडतात. ‘नामशेष’ लिहा.

देवगडहून
नामशेष म्हणजे नाव तेवढं उरलेलं. टॉटनहॅम क्लबचं व्हाइट हार्ट लेन घ्या. मे २०१७ मध्ये ते बंद झालं आणि नवं स्टेडियम एप्रिल २०१९ मध्ये बरंचसं त्याच जागेवर उघडलं, पण त्याला नाव दिलं क्लबचं. म्हणजे जागा शेष, गेलं ते नाव! तिथे काय करणार?

मालवणहून
मग ‘जमीनदोस्त’.

सावंतवाडीहून
‘जीर्णोद्धार’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, तो नको. त्यात जुनं राखायचा हेतू गृहीत आहे.

मडगावहून
गोंधळ ‘हरवलेलं’मुळे नाहीच, ‘मैदान’मुळे आहे. इंग्रजी ‘ग्राउंड’मध्ये जमीन, गॅलऱ्या, फाटक, सगळं येतं. आपलं मैदान म्हणजे मोकळी सपाट जागा. वर एक वीट नसली तरी ते मैदानच. स्टेडियम म्हणजे वरचं बांधकाम. हे दोन सुटे केले की वेम्ब्लीचं उत्तर मिळतं: मैदान आहे, स्टेडियम गेलं.

याच्या बरोबर उलट हायबरी. आर्सेनल तिथे १९१३ ते २००६ खेळलं. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या गॅलरीचे दर्शनी भाग आजही उभे आहेत, आत लोक फ्लॅटमध्ये राहतात आणि जिथे सामने व्हायचे तिथे रहिवाशांची बाग आहे. स्टेडियमचा चेहरा आहे, मैदान गेलं. तुमच्या मथळ्याखाली पहिलं नाव हेच हवं.

आमच्याकडे फातोर्ड्याचं उदाहरण आहे. २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषिक देशांच्या) स्पर्धा आणि २०१७ चा सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक, दोन्हींसाठी तिथे बरंच काम झालं. कागदोपत्री ते पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. पण जुनं फातोर्डा आणि नवं फातोर्डा अशी दोन कुणी मोजत नाही. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डचंही तेच, एकेक बाजू बदलत ते वाढलं. ‘जुनं आज संपलं’ म्हणावं असा दिवसच त्याच्या वाट्याला आला नाही.

देवगडहून
वेम्ब्लीची जमीन तीच, हेही अर्धंच खरं. नवी हिरवळ जुन्यापेक्षा सुमारे चार मीटर खाली आहे. त्या कामात वॉटकिनच्या मनोऱ्याचा पाया लागला. आयफेलवर मात करायला निघालेला हा मनोरा पहिल्या टप्प्यापुढे गेलाच नाही आणि १९०७ पर्यंत पाडूनही झाला. मालवणकर, तुमच्या छत्रीच्या न्यायाने वेम्ब्लीत हरवून सापडलेलं काही असेल तर ते हेच!

मालवणहून
मान्य. पण मग ब्राझीलच्या माराकानाचं काय?

मडगावहून
तेच सगळ्यात अवघड. १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्याला तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक होते, आता ऐंशी हजारही मावत नाहीत. २०१४ च्या विश्वचषकाआधी आतल्या गॅलऱ्या पाडून नव्या बांधल्या. बाहेरचा जुना सांगाडा वारसा म्हणून राखला. रस्त्यावरून बघणाऱ्याला तेच स्टेडियम, आत बसणाऱ्याला दुसरं.

माझी कसोटी साधी आहे. जुना प्रेक्षक आत येऊन ‘मी इथे बसायचो’ असं बोट दाखवू शकतो का? अ‍ॅनफिल्डमध्ये कॉप नावाच्या गॅलरीकडे बोट दाखवता येतं. फातोर्ड्यात मीही दाखवीन. माराकानात नाही, म्हणून माझ्या हिशेबी ते गेलं, बाहेरून कितीही ओळखीचं वाटो.

सावंतवाडीहून
स्पेनमधल्या बिल्बाओचं सान मामेस? २०१३ साली नवं जुन्याला खेटून, थोडं त्याच्यावरच बांधलं. सुरुवातीचे सामने तीनच बाजू उभ्या असताना झाले, कारण चौथीची जागा जुन्याने अडवलेली होती. नाव मात्र एकच. आणि जुनी कमान आता क्लबच्या लेझामाच्या सराव केंद्रात आहे.

मडगावहून
तुकडा दुसरीकडे नेऊन जपावा लागला, यातच आलं. गेलेलं धरा. काही काळ तर दोघं शेजारी शेजारी होते. एकच म्हणायला जागा कुठे आहे?

रत्नागिरीहून
मग ‘हरवलेली’ रद्द. दोन भाग करतो: ‘गेलेली मैदानं’मध्ये हायबरी, ‘पाडलेली स्टेडियमं’मध्ये वेम्ब्ली, व्हाइट हार्ट लेन, सान मामेस. माराकाना दुसऱ्या भागात, खाली ‘आतून’ अशी टीप देऊन.

मालवणहून
‘मैदानं’ ठीक. ‘स्टेडियमं’ छापू नका, बघवत नाही. ‘पाडलेली स्टेडियम’ पुरे.

देवगडहून
का बरं? मैदानाला अनुस्वार चालतो, मग स्टेडियमने काय घोडं मारलंय?